चिंपांझी आणि आपण ९९ टक्के सारखे, मग उरलेला फरक बसलाय कुठे?

दादरकर
"माणूस आणि चिंपांझी ९९ टक्के सारखे" हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यावर कुणी थांबतच नाही. मी विज्ञानाचा माणूस नाही, बँकेतून निवृत्त झालोय, वाचायला वेळ आहे.

१९७५ साली बर्कलेच्या मेरी-क्लेअर किंग आणि ॲलन विल्सन यांनी दोघांची प्रथिनं ताडून पाहिली आणि ती सरासरी ९९ टक्क्यांहून जास्त सारखी निघाली. एवढा कमी फरक तर एकमेकांपासून ओळखूही न येणाऱ्या जुळ्या प्रजातींमध्ये असतो. इथे मात्र एकाचा मेंदू दुसऱ्याच्या तिप्पट, एक दोन पायांवर, एक झाडावर. तेव्हा त्यांनी म्हटलं की फरक प्रथिनांमध्ये नसून ती कधी, कुठे आणि किती बनतात यात असावा. म्हणजे जनुकं तीच, त्यांचं नियंत्रण वेगळं.

हे पटतं. पण पन्नास वर्षं झाली. यातलं सिद्ध किती झालं आणि अजून "असावा"वरच किती आहे? मला अशी शंका आहे की ही कल्पना सुंदर आहे म्हणून टिकली, पुराव्यामुळे नाही. जाणकारांनी लिहावं.

वाचनमात्र
आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहा, फरक एक टक्काही वाटणार नाही.

तिरफळ
जागा पकडून बसतेय. वाचनखूण साठवली.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
माझं रोजचं काम याच्या आसपासचं आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

आधी आकडा. २००५ साली चिंपांझीचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून झाला. समोरासमोर जुळवता आलेल्या डीएनएच्या अक्षरांत फरक सुमारे १.२ टक्के, म्हणजे साधारण साडेतीन कोटी अक्षरं. शिवाय पन्नास लाखांच्या आसपास ठिकाणी तुकडे गळलेले किंवा घुसलेले. टक्क्यांत थोडं वाटतं, पण साडेतीन कोटी!

आता यातलं प्रथिनाच्या कामाचं किती? आपल्या सगळ्या डीएनएपैकी जेमतेम दीड-दोन टक्के भागात प्रथिनांची जनुकं आहेत, साधारण २०,०००. तुमच्या यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत ही सगळीच्या सगळी जनुकं असतात. तरी यकृत यकृत राहतं, कारण कुठली चालू आणि कुठली बंद हे दर पेशीत वेगळं. हे ठरवणारे डीएनएचे तुकडे जनुकाच्या तोंडाशी असतात त्यांना प्रमोटर म्हणतात, आणि दूरवर असतात त्यांना एन्हान्सर. दूरवर म्हणजे कधी लाखो अक्षरं लांब, मध्ये दुसरीच जनुकं. त्यांच्यावर काही खास प्रथिनं येऊन बसतात आणि जनुक चालू होतं.

उत्क्रांतीला एन्हान्सर बदलणं सोयीचं का, तर एकच प्रथिन हाडात, कातडीत, मेंदूत, सगळीकडे कामाला असतं. ते बदललं तर दहा ठिकाणी परिणाम, आणि त्यातले नऊ बहुधा वाईट. एन्हान्सर बदलला तर एकाच अवयवात, वाढीच्या एकाच टप्प्यावर फरक पडतो, बाकी शरीर सुखरूप. दादरकर काका, किंग-विल्सनच्या कल्पनेत जीव आहे तो यामुळे. पुराव्याबद्दल पुढच्या प्रतिसादात, इनक्युबेटर बोलावतोय.

तिरफळ
म्हणजे वाणसामान एकाच दुकानातलं, पण सासरी आमटी गोड आणि माहेरी तिखट. कळलं.

शंकेखोर
तिरफळताई, उपमा चविष्ट आहे पण तिथेच घोळ होतो. तुमच्या आमटीला करणारी आहे. इथे करणारं कोण? प्रमोटर-एन्हान्सर हे खटके म्हणू, तर खटका दाबणारी ती "खास प्रथिनं" स्वतः जनुकांतूनच बनतात. मग फरक खटक्यात पडला की दाबणाऱ्यात, हे कसं सांगणार?

आणि त्याच २००५ च्या जीनोममधली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. माणूस आणि चिंपांझी यांची तंतोतंत सारखी प्रथिनं फक्त २९ टक्के निघाली. उरलेल्या ७१ टक्क्यांत एखाद-दुसरा का होईना, फरक आहे. सरासरीच्या नावाखाली हे झाकून "प्रथिनं तीच" म्हणायचं, हे मला पटत नाही. दादरकरांच्या शंकेला माझा पाठिंबा.

डॉ_कुडाळ
एक नवं प्रकरण सांगतो, कारण ते आमच्या ओपीडीत रोज येतं. पावसाळ्यात घसरून माकडहाडावर आपटलेले लोक. हे हाड म्हणजे शेपटीचा उरलेला बुडखा. माकडांना शेपूट आहे. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि आपण, या गटाला नाही. ती साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी गेली.

कशी गेली, याचं एक उत्तर २०२४ साली आलं. टीबीएक्सटी नावाचं जनुक आहे. ते बिघडलं की उंदराची शेपूट आखूड होते, हे १९२७ पासून माहीत आहे. आपल्या पूर्वजात या जनुकाच्या आत, प्रथिनाची माहिती नसलेल्या मधल्या भागात, 'अलू' नावाचा एक उडता (स्वतःची प्रत काढून दुसरीकडे जाऊन बसणारा) तुकडा येऊन बसला. आपल्या जीनोममध्ये असे अलू दहा लाखांहून जास्त आहेत, सगळ्या डीएनएच्या दहाएक टक्के. बहुतेक नुसते पडून असतात. पण या ठिकाणी शेजारी आधीच एक जुना अलू उलट्या दिशेने बसलेला होता. जनुकाची आरएनए ही नक्कल तयार झाली की हे दोघे एकमेकांना चिकटतात, मधला भाग वळशात अडकतो आणि जनुकाचा सहावा खंड कधी कधी वगळला जातो. मग एकाच जनुकातून दोन तऱ्हेची प्रथिनं निघतात, पूर्ण आणि तोकडं. तोकडं प्रथिन तयार होईल असे उंदीर केले, तर त्या दोन रूपांच्या प्रमाणानुसार कुणाची शेपूट आखूड, कुणाची गायबच.

आणि डॉक्टर म्हणून मला हलवलं ते पुढचं. त्यातल्या काही उंदरांमध्ये मज्जारज्जूची नळी नीट मिटली नाही, आपल्याकडे काही बाळांत दिसतो तसाच दोष. शेपूट घालवण्याची किंमत आपण अजून मोजतोय का, अशी शंका संशोधकांनीच मांडली आहे. सिद्ध झालेलं नाही.

गुहागरकर
शेपटीचं राहू द्या, नारळाचं बोला. आमच्या वाडीत शेपूटवाल्यांनी यंदा शहाळीसुद्धा ठेवली नाहीत. फटाके लावून झाले, जाळी लावून झाली. माणूस आणि माकडात फरक किती हे शोधायला प्रयोगशाळा कशाला, या इकडे.

भटकंती
गुहागरकर, काळ्या तोंडाचे का लाल तोंडाचे?

गुहागरकर
दोन्ही. काळ्या तोंडाचे वानर टोळीने येतात आणि पाला, कोंब ओरबाडतात. माकडं मात्र हुशार, आधी एक बघून जातो.

भटकंती
मग दोन्ही आपल्यापासून सारख्याच लांबचे हो. वानर काय, माकड काय, त्यांची फांदी आणि आपली फांदी अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. २००७ साली ऱ्हीसस माकडाचा जीनोम वाचला तेव्हा आपल्याशी ९३ टक्के जुळला. चिंपांझीशी आपली फारकत साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीची. भारतात शेपूट नसलेलं नातलग एकच, ईशान्येकडचा हुलॉक गिबन. आसामात हुलोंगापारला पहाटे त्यांची हाक ऐकली आहे, अंगावर काटा येतो.

बाय द वे, डॉक्टरांचं उदाहरण फर्मास आहे, पण शेपूट चिंपांझीलाही नाही. मूळ प्रश्न माणूस आणि चिंपांझी यांच्यातल्या फरकाचा होता ना?

शंकेखोर
+१. शिवाय अलूच्या प्रकरणात प्रथिनाचं रूपच बदललं. हे "नियंत्रण" आहे की "प्रथिनबदल"? आपल्या सोयीने दोन्ही खिशांत घालू नका.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
आले. मराठीत लिहायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही, गाईड बघतोय.

शंकेखोर, तो अलू प्रथिनाच्या माहितीबाहेर बसलाय, माहितीतलं एकही अक्षर बदललेलं नाही, आणि पूर्ण प्रथिनही बनतंच. दोन रूपांचं प्रमाण बदललंय. आम्ही याला नियंत्रणच म्हणतो. तुम्ही वेगळा खिसा शिवलात तरी चालेल.

आता तुमचा पहिला प्रश्न, खटका की दाबणारा. याला फार देखणा प्रयोग आहे. माणसाची आणि चिंपांझीची मूलपेशी (जिच्यापासून कुठलीही पेशी बनवता येते ती) प्रयोगशाळेत एकमेकींत मिसळवतात. (घाबरू नका, बशीतल्या पेशी आहेत, भ्रूण नाही.) आता एकाच पेशीत दोघांचा डीएनए, आणि दाबणारी प्रथिनं दोघांना सामाईक. तरीही एखाद्या जनुकाची माणसाची प्रत जास्त चालत असेल आणि चिंपांझीची कमी, तर फरक त्या जनुकाच्या स्वतःच्या खटक्यात आहे. फरक मिटला तर तो दाबणाऱ्यात होता. २०२१ पासून हे प्रयोग छापून येतायत, आणि स्वतःच्या खटक्यामुळे फरक पडलेली जनुकं मोठ्या संख्येने सापडली आहेत.

हे आधी का नाही झालं? सामग्रीच नव्हती. पूर्वी मेलेल्या चिंपांझीचं यकृत किंवा मेंदू मिळाला तर त्यावर काम चालायचं. गर्भातल्या मेंदूचा तर प्रश्नच नाही, आणि खरे फरक तिथेच पडत असणार. शिकागोच्या योआव गिलाड यांच्या गटाने २०१५ मध्ये चिंपांझीच्या साध्या पेशींपासून मूलपेशींचा संच केला आणि बाकीच्यांनाही वापरायला मोकळा ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने चिंपांझींवरचे प्रयोग बंद करायचा निर्णय घेतला. आता त्या पेशींना हृदयाच्या किंवा मेंदूच्या पेशी बनवतात आणि माणसाच्या पेशींशेजारी ठेवून दिवसागणिक मोजतात.

पिंपळपान
विज्ञानाला सगळं आत्ता कळतंय. आपल्याकडे दशावतारात मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह असा उत्क्रांतीचा क्रम आधीच सांगून ठेवलाय. अर्धा पशू अर्धा मानव ही संक्रमणावस्था नाही तर काय?

वाचनमात्र
काका, या यादीत शेपूट कितव्या अवतारात गळली तेवढं सांगा. टीबीएक्सटीवाल्यांना कळवू.

पिंपळपान
थट्टा करा. आमच्या पिढीला सवय आहे.

गोदाकाठ
दोघेही थांबा, धागा छान चाललाय. उंदरीणताई, तुम्ही एचएआर नावाचं काही सांगणार आहात का? मी कुठेतरी वाचलं होतं की माणसाच्या डीएनएत काही जागा भयंकर वेगाने बदलल्या आहेत.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
हो, तेच यायचं होतं. २००६ साली कॅथरीन पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी उलटा प्रश्न विचारला. कोंबडीपासून चिंपांझीपर्यंत ज्या जागा जवळपास जशाच्या तशा राहिल्या, म्हणजे महत्त्वाच्या होत्या, पण फक्त माणसात अचानक बदलल्या, अशा कुठल्या? पहिल्या क्रमांकाची जागा ११८ अक्षरांची निघाली. कोंबडी आणि चिंपांझी यांची फारकत तीस कोटी वर्षांची, त्यांच्यात दोन अक्षरांचा फरक. चिंपांझी आणि माणूस, साठ-सत्तर लाख वर्षं, अठरा अक्षरांचा. तिचं नाव एचएआर-१ (ह्यूमन ॲक्सिलरेटेड रीजन, माणसात वेगाने बदललेली जागा). गर्भाच्या मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, घडत असताना ती जागा चालू असते.

अशा जागा आता हजारोंनी माहीत आहेत आणि बहुतेक सगळ्या प्रथिनांच्या माहितीबाहेर आहेत. तपासल्या त्यातल्या बऱ्याच गर्भवाढीतले एन्हान्सर निघाल्या. किंग-विल्सनचा अंदाज कुठे रेंगाळत होता ते यातून पहिल्यांदा बोटाने दाखवता आलं.

शंकेखोर
बोटाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून. दुसऱ्या क्रमांकाच्या जागेची गोष्टही सांगा की. २००८ मध्ये तिचा मानवी तुकडा उंदराच्या भ्रूणात घातला तर पुढच्या पायाच्या अंगठ्याच्या बाजूला तो चालू झाला, चिंपांझीचा तसा झाला नाही. झालं, सगळ्या वर्तमानपत्रांत "माणसाचा अंगठा सापडला". पुढे २०२२ मध्ये उंदराच्या स्वतःच्या जीनोममधली ती जागा काढून तिथे मानवी जागा बसवली. जीबीएक्स-२ नावाच्या शेजारच्या जनुकाचं काम भ्रूणातल्या पायाच्या कोंबात बदललं खरं. पण उंदीर मोठा झाल्यावर पंजाच्या हाडांत काहीच ठळक फरक नाही! चौदा वर्षांनी आलेली ही बातमी किती पेपरांत वाचलीत? एन्हान्सर चालू होणं आणि अवयव बदलणं यांत फार मोठी दरी आहे. दादरकर म्हणतात ते हेच.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
मान्य, आणि तो प्रयोग मला स्वतःला फार आवडतो, कारण त्यांनी "काही दिसलं नाही" हेही नीट छापलं. पण निष्कर्ष मी वेगळा काढते. एका खटक्याने अंगठा होत नाही. अनेक खटके थोडे थोडे सरकले तर होत असेल. उंदरात एकटा मानवी तुकडा घातला तर तो बिचारा काय करणार, बाकीचा संसार उंदराचाच.

जिथे परिणाम दिसला अशीही उदाहरणं आहेत. एफझेडडी-८ या जनुकाजवळचा मानवी एन्हान्सर घातलेल्या उंदरांचा मेंदू चिंपांझीचा एन्हान्सर घातलेल्यांपेक्षा सुमारे १२ टक्के मोठा झाला (२०१५). पण याहून मला घामाचं उदाहरण जास्त भक्कम वाटतं.

माणसाच्या कातडीत घामाच्या ग्रंथींची दाटी चिंपांझीच्या दहापट आहे. दुपारच्या उन्हात मैलोन्मैल चालण्याची आपली ताकद त्यावर उभी. या ग्रंथी किती व्हायच्या हे ईएन-१ जनुक गर्भात किती चालतं यावर ठरतं. २०२१ मध्ये त्याचा एक एन्हान्सर सापडला, ज्यात माणसाच्या वंशात एकामागून एक बदल साठत गेले आणि तो जास्त जोमाने चालायला लागला. तो मानवी तुकडा उंदराच्या वाढत्या कातडीत घातल्यावर ग्रंथी वाढल्या. (उंदराला घाम फक्त तळव्यांना येतो, म्हणून तिथेच मोजल्या.) बदल एन्हान्सरमध्ये, परिणाम ग्रंथीत, उपयोग उन्हात. साखळी बरीच पूर्ण आहे.

वाचनमात्र
म्हणजे विरार लोकलमध्ये मी जो भिजतो तो उत्क्रांतीचा कळस आहे तर.

तिरफळ
आणि सेकंड क्लासमधले बाकीचे प्रवासी नैसर्गिक निवड.

डॉ_कुडाळ
गळलेल्या तुकड्यांबद्दल कुणी बोललं नाही. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने ५१० जागा दाखवल्या, ज्या चिंपांझीत आणि इतर सस्तन प्राण्यांत शाबूत आहेत पण माणसात साफ गायब. जवळजवळ सगळ्या नियंत्रणाच्या. त्यातली एक पुरुषी संप्रेरक ओळखणाऱ्या जनुकाशेजारची. जनुक शाबूत, खटका गेला. हा खटका उंदरात दोन ठिकाणी चालतो, स्पर्श कळणाऱ्या मिशांच्या मुळाशी आणि नरांच्या लिंगावरच्या बारीक काट्यांच्या जागी. चिंपांझीत दोन्ही गोष्टी असतात, माणसात दोन्ही नाहीत. जनुकच गेलं असतं तर पुरुषांची सगळी वाढ बिघडली असती. एका ठिकाणची आज्ञा तेवढी पुसली गेली. धाग्याच्या सुरुवातीला उंदरीणताईंनी जे तत्त्व सांगितलं त्याला इतकं चपखल उदाहरण दुसरं नाही.

वाचनमात्र
संपादक मंडळ झोपलंय तोवर वाचून घ्या.

न्यूजर्सीची_मावशी
मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमच्या घरात दूध हा वादाचा विषय आहे. माझी धाकटी दूध पचवत नाही, नवरा दोन पेले सहज पितो. इथल्या डॉक्टरने जनुक तपासणी करून "लॅक्टेजचं जनुक उत्तम आहे, फक्त बंद झालंय" असं सांगितलं होतं. हे या धाग्यातलंच प्रकरण ना?

प्रयोगशाळेतली_उंदरीण
मावशी, अगदी यातलंच, आणि दादरकरांच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तुमच्या घरात आहे.

दूध सुटलं की लॅक्टेजचं, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) पचवणाऱ्या प्रथिनाचं, जनुक मंदावतं, हा सस्तन प्राण्यांचा जुना नियम. काही माणसांत ते चालूच राहतं. कारण एकाच अक्षराचा बदल, जनुकाच्या १३,९१० अक्षरं आधी, आणि तोही शेजारच्या दुसऱ्याच जनुकाच्या पोटात. फिनलंडच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. २००७ मध्ये टांझानिया, केनिया आणि सुदानमधल्या लोकांत त्याच परिसरातले वेगळे बदल सापडले. म्हणजे गुरं पाळणाऱ्यांमध्ये तोच खटका निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या अक्षरांनी अडकला. भारतात काय? २०१२ च्या अभ्यासात इथलं मुख्य रूप युरोपातलंच निघालं, वायव्येकडे आणि पशुपालकांत जास्त, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे कमी. गंमत म्हणजे त्या अभ्यासाच्या पहिल्या लेखिका इरेन गाल्येगो रोमेरो, आणि चिंपांझीच्या मूलपेशींच्या संचाच्या पहिल्या लेखिकाही त्याच.

आता मुद्दा. लॅक्टेजबद्दल आपण छातीठोकपणे "हेच अक्षर" का म्हणू शकतो? कारण तुमचे यजमान पचवतात आणि लेक पचवत नाही. काही माणसांत टी, काही माणसांत सी. हजारो लोकांत ताडून पाहता येतं. माणूस आणि चिंपांझीच्या बाबतीत ही सोय नाही. तिकडे सगळे चिंपांझी एका बाजूला, सगळी माणसं दुसऱ्या बाजूला, मध्ये साडेतीन कोटी फरक. मेंदू मोठा होण्याचं कारण त्यातलं कुठलं हे वंशावळीतून कधीच काढता येणार नाही, संकर नाहीत. एकेक बदल पेशीत नाहीतर उंदरात घालून बघायचा, एवढाच मार्ग. पन्नास वर्षं कमी वाटतात ती यामुळे.

न्यूजर्सीची_मावशी
मग दही-ताक चालतं ते?

डॉ_कुडाळ
विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा बराच भाग आधीच फस्त करतात. ताक द्या.

शंकेखोर
मूळ मुद्द्यावर येऊ. सगळे एन्हान्सरचे गोडवे गातायत, पण मेंदूच्या बाबतीत सर्वांत ठोस उदाहरणं नव्या जनुकांची आहेत. नॉच-२-एनएल (२०१८) आणि एआरएचजीएपी-११बी (२०१५). दोन्ही जुन्या जनुकांच्या अर्धवट प्रती, दोन्ही गर्भातल्या मेंदूच्या मूळ पेशींची संख्या वाढवतात. दुसरी तर चिंपांझीत नाहीच. २०२० मध्ये ड्रेस्डेनच्या गटाने ती मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातली तर बाह्यक वाढलं आणि घड्या पडायला लागल्या. हे नवं प्रथिन आहे, खटका नव्हे.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
शंकेखोर, हा तुमचा सर्वांत चांगला प्रतिसाद. पण एआरएचजीएपी-११बीच्या पोटात शिरून बघा. नुसती प्रत होऊन काही झालं नव्हतं. नंतर एका अक्षराचा बदल झाला आणि आरएनए नव्या ठिकाणी कापला जायला लागला, ५५ अक्षरं गळली, म्हणून प्रथिनाचं शेपूट वेगळं झालं. तुमचे दोन खिसे इथे एकमेकांत शिवलेत :-)

शंकेखोर
शिवलेले असोत, प्रथिन नवं आहे हे राहतंच.

दादरकर
सगळ्यांचे आभार. मी दोन दिवस हे वाचतोय, मुलीला फोनवर वाचून दाखवलं. एक राहिलं. किंग-विल्सन म्हणाले होते, "कधी, कुठे, किती". "कुठे"चं उदाहरण मिळालं, मिशा. "किती"चं मिळालं, घाम. "कधी"चं?

आणि माझ्या भाच्याने पाठवलंय की २०२५ मध्ये ९९ टक्के हा आकडाच खोटा ठरला. खरं का?

प्रयोगशाळेतली_उंदरीण
आकडा आधी. २०२५ मध्ये चिंपांझी, बोनोबो, गोरिला, दोन्ही ओरांगउटान आणि सियामांग गिबन यांचे जीनोम पहिल्यांदाच टोकापासून टोकापर्यंत वाचून झाले. पूर्वी न वाचता आलेले, पुन्हा पुन्हा तेच ते असणारे भाग त्यात आले. ते एकमेकांशी जुळवताच येत नाहीत, आणि न जुळणारं सगळं "फरक" म्हणून धरलं तर टक्केवारी खूप खाली येते. जे जुळवता येतं त्यातला फरक अजूनही सव्वा-दीड टक्क्यांच्या आसपासच आहे. भाच्याला विचारा, भागाकारात खाली काय धरलंय.

"कधी"चं उदाहरण २०२१ चं, केंब्रिजचं. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या मूलपेशींपासून बशीत मेंदूच्या ऊतीचे बारीक गोळे वाढवले. सुरुवातीच्या पेशी भराभर दुप्पट होत असतात, मग आकार बदलून लांबट होतात आणि दुप्पट होणं मंदावतं. माणसाच्या पेशी हा आकार काही दिवस उशिरा बदलतात. तेवढ्या वेळात दुपटीच्या फेऱ्या जास्त, म्हणून गोळा मोठा. झेडईबी-२ नावाचं जनुक गोरिलात आधी चालू होतं, माणसात नंतर. माणसाच्या गोळ्यात ते मुद्दाम लवकर चालू केलं तर तो गोरिलासारखा वागला, आणि गोरिलाच्या गोळ्यात उशीर केला तर तो माणसासारखा. मात्र हे जनुक माणसात उशिरा का चालू होतं, म्हणजे त्याच्या मागचा खटका कुठला, हे त्या प्रयोगाने सांगितलेलं नाही.

थोडक्यात माझं मत: दिशा किंग-विल्सन यांनी बरोबर दाखवली. नव्या जनुकांचा वाटा त्यांनी धरला नव्हता, आणि तो लहान नाही. खटका ते अवयव अशी पूर्ण साखळी दाखवता आलेली उदाहरणं अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

शंकेखोर
शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला माझ्याकडून अमृततुल्य.

गोदाकाठ
ते बशीतले मेंदूचे गोळे विचार करतात का हो? रात्री झोप लागली नाही वाचून.

प्रयोगशाळेतली_उंदरीण
नाही. रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे काही मिलिमीटरच्या पुढे नीट वाढतच नाहीत, मधल्या पेशी मरायला लागतात. डोळे-कान काही जोडलेले नसतात. पण वाढवण्याची मर्यादा कुठे ठेवायची यावर जीवनीतीवाले गंभीरपणे लिहितायत. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन.

गुहागरकर
नव्या धाग्याची लिंक इथे द्या. आणि वानरांवर उपाय असेल तर तोही.